होन, श्रद्धा आणि संहिताचिकित्सा

वेल्ह्याच्या तोरण्यावरील गुप्तधनातला म्हणून शिवकालीन ‘होन’ आंतरजालावर विकला जातो आणि भोरपासून पुण्यापर्यंत आपण तो भक्तिभावाने विकत घेतो. आम्हांस ही श्रद्धा नव्हे, निरक्षरता वाटते. नाण्यावर ‘छत्रपति’ ही अक्षरे आहेत. राज्याभिषेक झाला १६७४ मध्ये, तोरणा घेतल्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने. मग ते त्या धनात आले कसे?

शिवराई हातोड्याने पाडलेली; ठशाहून चकती लहान, म्हणून अक्षरे कडेला तुटतात. ओतीव नकलेत मजकूर बहुधा अखंड, कडेला साच्याची शिवण. आणि नाणे खरेच गडावर सापडले असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक. म्हणजे विक्रेता एकतर लबाड, नाहीतर गुन्हेगार.

पोथीतला प्रक्षेप हुडकणाऱ्यांनी हातातले नाणे वाचू नये काय?