पिवळे कोण, काळे कोण?

मंडळी, हैदराबादच्या मराठी घरात वाढलेल्या मुलाला एक प्रश्न आयुष्यभर चिकटतो. मॅच कुठलीही असो, समोरचा विचारणारच, "तू कुणाकडून?" आयपीएलमध्ये मुंबईकडून की हैदराबादकडून? आमच्या घरात यावर कधीच एकमत झालं नाही. आई मुंबईकडे, बाबा कट्टर हैदराबादी, आणि मी जो जिंकेल त्याच्याकडे. पण फुटबॉलच्या बाबतीत घरात वाद नसायचा, कारण फुटबॉलचा विषयच नसायचा. होता तो फक्त बाबांच्या आठवणींत.

आज लिहायचंय ते 20 मार्च 2022 च्या रात्रीबद्दल. गोव्यात फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियममध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता, हैदराबाद एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स. आम्ही पाच जण तिथे होतो: बाबा, मी, बायको, आठ वर्षांची लेक आणि माझा मेव्हणा. बायकोचं माहेर मडगावचं. होळी दोनच दिवसांपूर्वी झालेली, शिगम्यासाठी आम्ही तिकडे गेलेलोच होतो. तिकिटं मेव्हण्याने ऑनलाइन काढली. आमच्या कंपनीत रिलीजच्या रात्री सर्व्हरवर जेवढे लोक तुटून पडतात तेवढेच त्या वेबसाइटवर पडले असावेत. पाच तिकिटं एका ओळीत मिळाली नाहीत, तीन आणि दोन अशी मिळाली.

आता थोडं मागे जाऊ, कारण आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. एकेकाळी भारतीय फुटबॉलची राजधानी म्हणावी तर कोलकात्यानंतर हैदराबादचंच नाव घ्यावं लागे. हैदराबाद सिटी पोलिसांच्या टीमने मुंबईतला रोव्हर्स कप 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वर्षं जिंकला. त्या टीमचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. पुढे ते भारताचे कोच झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला आणि 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सुवर्णपदक घेऊन आला, ते रहीमसाहेबांच्याच हाताखाली. पुढच्याच वर्षी ते गेले. अजय देवगणचा 'मैदान' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, तो त्यांच्यावरच आहे. तुलसीदास बलराम हे आपल्या सिकंदराबादचे.

आमचे आजोबा काचीगुड्याहून पायी फतेह मैदानावर मॅच बघायला जात, म्हणजे आजचं लाल बहादूर स्टेडियम. बाबांना खांद्यावर घेऊन. बाबांनी हे इतक्या वेळा सांगितलंय की आजोबांचा खांदा मलाच टोचतो असं वाटतं. मग हळूहळू सगळं संपलं. क्रिकेट आलं, टीव्ही आला, पोलिसांची टीम मागे पडली. म्हणून 2019 मध्ये हैदराबाद एफसी निघाली तेव्हा बाबांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर पिवळी जर्सी विकत घेतली. पहिल्या मोसमात टीम सगळ्यात शेवटी आली. "हौ, होतं असं पहिल्यांदा," एवढंच म्हणाले. त्यानंतर कोरोना. पुढचे दोन मोसम सगळ्या मॅच गोव्यातच, खेळाडू हॉटेलात कोंडलेले आणि स्टेडियम रिकामं. म्हणजे गंमत बघा, ज्या टीमने स्पेनच्या मानोलो मार्केझच्या हाताखाली इतकी मजल मारली, नायजेरियाच्या ओग्बेचेने एका मोसमात 18 गोल ठोकले, ती टीम हैदराबादच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. फायनलला मात्र प्रेक्षकांना दारं उघडली.

आमचा मेव्हणा एफसी गोवाचा. त्याच्यासाठी हे स्टेडियम म्हणजे एक जुनी जखम. 20 डिसेंबर 2015, हेच मैदान, हीच फायनल, गोवा विरुद्ध चेन्नईयिन. 87 व्या मिनिटाला गोव्याने 2-1 अशी आघाडी घेतली. मेव्हण्याने घरी फोन लावून "जिंकलो" म्हणून सांगूनही टाकलं होतं. 90 व्या मिनिटाला बॉल गोव्याच्याच गोलकीपरला लागून स्वतःच्या जाळ्यात गेला, आणि दोन मिनिटांनी मेंडोझाने तिसरा गोल केला. 2-3. तो गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी, गोव्याचाच पोरगा. आणि 2022 मध्ये हैदराबादच्या गोलमध्ये उभा कोण? तोच.

"भावोजी, मी येतो, पण टाळ्या वाजवणार नाही," असं मेव्हण्याने निघतानाच बजावलं.

स्टेडियमच्या बाहेर रस ऑम्लेटच्या गाड्यावर उभं राहिलो तर चारी बाजूंनी मल्याळम. केरळहून बस भरभरून लोक आले होते. ढोल, तोंडं रंगवलेली, आणि सगळे पिवळ्या कपड्यांत, कारण केरला ब्लास्टर्सचा रंग पिवळा. अडचण अशी की हैदराबादचा रंगही पिवळाच. लीगमध्ये हैदराबाद दुसरं आणि केरळ चौथं आलं होतं, त्यामुळे पिवळा रंग हैदराबादला मिळाला आणि ब्लास्टर्सना काळ्या जर्सीत खेळावं लागलं. परिणाम असा की स्टेडियममध्ये हजारो पिवळे लोक मैदानातल्या काळ्यांसाठी ओरडत होते, आणि पिवळे खेळाडू बिचारे पोरके. आमच्या लेकीला हे काही केल्या पटेना. "आजोबा, आपले एवढे लोक आहेत, मग ते आपल्यालाच का हुर्यो करतात?" बाबांनी तिला समजावलं, "बाळ, हे आपले नाहीत. आपले आपण पाचच." मेव्हणा म्हणाला, "चार."

आमच्या आजूबाजूला सगळं केरळच होतं. शेजारच्या कुटुंबातल्या एका काकूंनी लेकीची जर्सी बघून आनंदाने तिच्या हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी दिली. मग जर्सीवरचा बिल्ला नीट पाहिला, हसल्या, आणि पिशवी तिच्याकडेच राहू दिली. पुढे दोन तास त्या आणि आम्ही बरोबर उलट्या वेळी उठत-बसत होतो.

पहिल्या हाफबद्दल फार लिहीत नाही. टीव्हीवर फुटबॉल बघणाऱ्यांनी एकदा तरी मैदानात जाऊन बघावं असं वाटतं ते एकाच कारणासाठी: टीव्ही बॉलच्या मागे पळतो, मैदानात बॉल नसलेले वीस जण काय करतात ते दिसतं. बाबा तेच बघत होते. "तो बघ, जागा सोडतोय," असं पुटपुटत होते.

68 व्या मिनिटाला केरळच्या राहुल के. पी. ने लांबून फटका मारला. कट्टीमणी झेपावला, हात लागला, पण बॉल आत गेला. मी मेव्हण्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरजच नव्हती, दोन खुर्च्या पलीकडून त्याचा उसासा ऐकू आला. "परत तेंच," एवढंच तो कोंकणीत म्हणाला. आजूबाजूला ढोल असे वाजत होते की लेकीने कान झाकून घेतले. बाबा घड्याळ बघत बसले.

88 व्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेर एक बॉल उडाला आणि बदली म्हणून आलेल्या साहिल ताव्होराने तो हवेतल्या हवेत मारला. थेट जाळ्यात. ताव्होरा गोव्याचा, पूर्वी एफसी गोवाकडूनही खेळलेला. सगळं स्टेडियम चिडीचूप, आणि त्या शांततेत सत्तरीचे एक गृहस्थ एकटे उभे राहून ओरडत होते. मी बाबांना असं ओरडताना त्याआधी पाहिलेलं नाही, त्यानंतरही नाही. आणि त्यांच्या शेजारी मेव्हणा. टाळ्या वाजवत.

जादा वेळेत निकाल लागला नाही. पेनल्टी.

लेकीसाठी इथे खेळ थांबवून समजावून सांगावं लागलं, तेच तुम्हालाही सांगतो. बॉल ठेवतात गोलपासून 11 मीटरवर. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. बॉल मारल्यावर बघून उडी मारायला गोलकीपरला वेळच नसतो, त्याला आधीच अंदाज बांधावा लागतो. आणि बॉलला पाय लागेपर्यंत त्याचं निदान एक पाऊल रेषेवर हवं, नाहीतर पेनल्टी पुन्हा. म्हणजे सगळं गणित गोलकीपरच्या विरुद्ध. आमच्या लेकीचा प्रश्न: "मग तो उभाच कशाला राहतो?"

केरळची पहिली किक कट्टीमणीने अडवली. दुसरीही अडवली, पण रेफरीने शिट्टी वाजवली. पाऊल रेषेच्या पुढे होतं, पुन्हा मारा. आता मेव्हणा उभा. "आता नको रे, आता नको," असं स्वतःशीच. निशू कुमारने पुन्हा मारली आणि कट्टीमणीने ती पुन्हा अडवली! मधे हैदराबादचीही एक हुकली, केरळने एक मारली. मग केरळच्या जीक्सनची किकही त्याने थोपवली. चारपैकी तीन जणांना रोखलं. शेवटची हालीचरण नर्झारीने घातली, 3-1, आणि हैदराबाद विजेतं.

मेव्हणा खाली बसला. बायकोने, म्हणजे त्याच्या बहिणीने, पाण्याची बाटली पुढे केली तर त्याने ती नुसतीच हातात धरली. मग म्हणाला, "ताई, आमचाच तो. वास्कोत विचार कुणालाही." सहा वर्षं ज्याचं नाव घरात काढायची चोरी होती, त्याच्याबद्दल.

शेजारच्या काकूंचा मुलगा, असेल दहा-बारा वर्षांचा, रडत होता. केरळची ही तिसरी फायनल आणि तिसरी हार. 2014 ला हरले, 2016 ला स्वतःच्याच कोचीत पेनल्टीवर हरले, आणि आता ही. बाबा उठून त्याच्याजवळ गेले. भाषा येत नव्हती, हिंदीत काहीतरी म्हणाले आणि पाठीवर थोपटलं. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "आम्ही साठ वर्षं थांबलो, एवढंच सांगितलं."

पुढचं तुम्हाला ठाऊक असेलच. क्लब आर्थिक अडचणीत सापडला, एकेक खेळाडू निघून गेला, आणि 2025 मध्ये आख्खी टीमच दिल्लीला गेली. नावही बदललं. मी बातमी वाचून दाखवली तेव्हा बाबा पेपरातलं कोडं सोडवत होते. खरं तर आपण तक्रार करायची सोय नाही, कारण 2019 मध्ये आपली टीम आली तीही पुण्याची टीम बंद पडली तेव्हा, तिच्याच जागी. पुण्याच्या माझ्या आत्तेभावाने त्या वेळी मला फोन करून शिव्या घातल्या होत्या. आता त्याचा मेसेज आला: "कसं वाटतंय?"

बाबांनी चष्मा वर केला. "पुण्याहून आली, दिल्लीला गेली. मधे काही वर्षं आपल्याकडे भाड्याने राहिली. पण भाडं दिलं की नाही? दिलं."

आणि कोड्यातला आडवा सातवा शब्द मला विचारला.