बेरीज कुणाच्या हिशोबाची?

मित्रांनो, आपलं सी प्लस प्लसचं जर्नल उघडा. ऑपरेटर ओव्हरलोडिंगच्या प्रॅक्टिकलला काय आहे? कॉम्प्लेक्स नंबरची बेरीज. शेजारच्या रूममध्ये? तेच. सिनियरच्या जर्नलमध्ये? तेच, फक्त अक्षर चांगलं! प्रोग्राम रन होतो, सही मिळते, पण + या चिन्हाला नवा अर्थ द्यायची गरज का पडते, हे काही कळत नाही.

मला ते दिवाळीच्या सुट्टीत कळलं, मानवत तालुक्यातल्या आमच्या गावी. वडील म्हणाले, "कम्प्युटर शिकायलास ना, मग एवढी बेरीज कर." जमिनीचा एक तुकडा १ एकर २५ गुंठे, दुसरा २ एकर ३० गुंठे. मी मोबाईलवर १.२५ अधिक २.३० केलं आणि "३.५५" सांगून मोकळा झालो. आजी हसली. चाळीस गुंठ्यांचा एकर! तिनं तोंडीच सांगितलं, ४ एकर १५ गुंठे.

कंपायलरचंही माझ्यासारखंच आहे. त्याला साध्या आकड्यांची बेरीज येते, एकर-गुंठ्यांची नाही. ती आपण 'क्षेत्र' नावाचा क्लास लिहून + ला एकदा शिकवायची. मग वापरणाऱ्याने नुसतं 'अ + ब' लिहावं. क्षेत्राला ३ ने भागणं चालेल, पण एका क्षेत्राला दुसऱ्या क्षेत्राने गुणून काय मिळणार? तिथे ओव्हरलोड करूच नये. लोक असली चिन्हं वाटेल तशी वापरतात हे पाहूनच जेम्स गॉसलिंग यांनी जावामध्ये ही सोय ठेवली नाही. मला मात्र वाटतं, दोष सोयीचा नाही, अर्थ न पाहता चिन्ह वापरणाऱ्याचा आहे.

खरा धोका टाईप कन्व्हर्जनमध्ये आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. चार एकर म्हणजे साधारण १.६२ हेक्टर. आता आपल्या क्लासमध्ये एकच डबल घेणारा कन्स्ट्रक्टर आहे आणि तो आकडा 'एकर.गुंठे' समजतो. कुणी सातबाऱ्यावरचं १.६२ तसंच फंक्शनला दिलं, की कंपायलर गुपचूप त्याचं 'क्षेत्र' करून टाकतो: १ एकर ६२ गुंठे, म्हणजे २ एकर २२ गुंठे. ना एरर, ना वॉर्निंग. जवळजवळ दीड एकर गायब!

उपाय एका शब्दाचा आहे. कन्स्ट्रक्टरपुढे 'एक्सप्लिसिट' लिहायचं. मग कंपायलर परस्पर बदल करत नाही, एरर देऊन थांबतो. आकडा हेक्टरचा की एकराचा, हे आपल्याला स्पष्ट लिहावंच लागतं. ओरल्सला हा शब्द कुणी विचारत नाही, म्हणून आपण वाचतही नाही.

अजून एक गंमत बघा. गुंठे इंटमध्ये ठेवून चार एकर तीन भावांत वाटा. १६० भागिले ३, प्रत्येकी ५३. तिघांचे मिळून १५९. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एवढ्या जागेत घर उभं राहतं, आणि एवढ्यावरून भाऊबंदकीही पेटते.

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती, पुढच्या टर्मला कॉम्प्लेक्स नंबरला जरा सुट्टी द्या. एकर-गुंठे द्या, मोंढ्यातले क्विंटल-किलो द्या. आणि मित्रांनो, जर्नल कॉपी करायचंच असेल, तर निदान उत्तर एकदा घरी आजीला दाखवून घ्या!