सोन्यानं मढवलेली बंदूक

कनेक्टिकट राज्यात आय-९१ हायवेनं हार्टफर्ड शहराजवळून जाताना एक निळा, कांद्याच्या आकाराचा घुमट दिसतो. त्यावर सोनेरी चांदण्या. नवख्या माणसाला वाटावं, एखादं रशियन चर्च असेल! प्रत्यक्षात तो सॅम्युएल कोल्टच्या रिव्हॉल्व्हरच्या कारखान्याचा घुमट आहे. नटवायची हौस बंदुकीपुरतीच नव्हती म्हणायची.

अमेरिका आणि बंदुका म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात: काउबॉयचे सिनेमे आणि शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या. तिसरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे सोन्याचांदीनं आणि खड्यांनी मढवलेल्या बंदुका.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १८५३ च्या सुमाराचं, सोनं जडवलेलं एक कोल्ट रिव्हॉल्व्हर आहे. हे काम कसं करतात ते पाहण्यासारखं आहे. पोलादात छिन्नीनं खाच पाडायची, पण तिच्या कडा आतून तिरक्या कापायच्या, म्हणजे खाचेचा तळ तोंडापेक्षा रुंद होतो. मग त्यात मऊ सोनं ठोकून बसवायचं. सोनं आत पसरतं आणि कायमचं अडकतं. डाख नाही, काही नाही! इंजिनिअर म्हणून सांगतो, असं काम पाहिलं की हात जोडावेसे वाटतात. पुढे टिफनी या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्यांनी स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्व्हरं चांदीनं मढवली, काहींवर खडे बसवले आणि १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडली. हो, तेच प्रदर्शन. विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती.

आता प्रश्न असा, की कोल्टसारखा हिशेबी माणूस सोनं का खर्च करत होता? त्याचा सगळा धंदा यंत्रानं हजारोंनी एकसारख्या बंदुका बनवण्याचा. उत्तर सोपं आहे: जाहिरात. तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल मजीद आणि रशियाचा झार निकोलस पहिला, दोघांनाही त्यानं नक्षीदार रिव्हॉल्व्हरं भेट दिली. एकाला सांगायचं, तो दुसरा माझ्याकडून माल घेतोय, आणि दुसऱ्यालाही तेच, अशी त्याची गोष्ट अजून सांगतात. १८५३ मध्येच हे दोघे एकमेकांशी क्रिमियन युद्धात भिडले. भेट सोन्याची, ऑर्डर मात्र साध्या काळ्या लोखंडाची.

त्यानं नक्षीसुद्धा यंत्रावर चढवली. नोटांचे ठसे कोरणाऱ्या ऑर्म्सबी नावाच्या कारागिराकडून लढाईची चित्रं पोलादी रुळावर कोरून घेतली आणि तो रूळ दाबून प्रत्येक रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर उमटवली. म्हणजे सामान्य गिऱ्हाइकालाही थोडी ‘कला’ मिळाली. मला हे फार हुशारीचं वाटतं, आणि तितकंच भीतीदायक.

कारण नक्षी एक काम गुपचूप करते. ती वस्तूचा रकाना बदलते. साधी बंदूक पाहिली की आपण विचारतो, ही कुणावर रोखली होती? नक्षीदार बंदूक पाहिली की विचारतो, ही कुणी घडवली? दुसरा प्रश्न चांगलाच आहे, पण त्यानं पहिला पुसला जातो. इथल्या एका ओळखीच्या घरी दिवाणखान्यात आजोबांची नक्षीदार रायफल टांगलेली आहे. माणूस अत्यंत सज्जन. तो तिला हत्यार म्हणतच नाही, ‘वारसा’ म्हणतो. आणि वारशावर कायदा करायचा म्हटलं की कुणालाही राग येणारच! २०१७ च्या अखेरीस या देशात नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या असा स्मॉल आर्म्स सर्व्हेचा अंदाज आहे, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. २०२१ या एका वर्षात बंदुकीनं ४८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. त्या बंदुकांवर बहुधा सोनं नव्हतं. पण बंदुकीला मिळणाऱ्या मानाची झळाळी सगळ्यांवर पडते.

आपण तरी फार हसायला नको. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांच्या सोन्याच्या तोफा प्रसिद्धच आहेत. बैल जुंपून मिरवायच्या, लोकांनी डोळे दिपवून घ्यायचे. १८७५ मध्ये इंग्रजांनी महाराजांना गादीवरून उतरवलं, तेव्हा त्या काही कामाला आल्या नाहीत. सोनं दाखवायलाच होतं.

यावर कुणी म्हणेल, असे शौकीन नसते तर कारागीर जगले असते का? मला तो मुद्दा पटत नाही. बीदरचे कारागीर जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी ठोकून बसवतात, आणि त्यातून सुरया, हुक्के, पानाचे डबे घडतात. हातोडी तीच, नजर तीच. कौशल्याला बंदूकच लागते असं नाही. बंदुकीला मात्र कौशल्याची फार गरज असते, सभ्य दिसायला.

असो. म्युझियममध्ये अशी बंदूक दिसली तर कारागिराला जरूर दाद द्या. कोल्टकडे गुस्ताव्ह यंग नावाचा जर्मनीहून आलेला नक्षीकार होता, त्याचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. फक्त दाद देऊन झाल्यावर पुढच्या कपाटाकडे लगेच वळू नका. नळीच्या तोंडाशी एक क्षण उभे राहा. तिथे नक्षी काहीच लपवू शकत नाही.