निदानाचे मोल

जबलपूरच्या मदन महल भागात टेकडीवरील खडकावर गोंड राजवटीतील जुनी गढी उभी आहे आणि खाली रेल्वे स्थानकाच्या परिसरात दिवसभर वाहनांची वर्दळ असते. या वर्दळीत मोटारगाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. स्थानकाबाहेर प्रवाशांची वाट पाहणारा टॅक्सीचालक, वृद्ध आईवडिलांना इस्पितळात नेणारा नोकरदार, लग्नकार्यासाठी नागपूरला निघालेले मराठी कुटुंब, या सर्वांच्या व्यवहाराचा ती अविभाज्य भाग झाली आहे. यांपैकी पुष्कळ गाड्या बँकेच्या कर्जातून घेतलेल्या असतात. गाडी बंद पडली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. टॅक्सी चार दिवस गॅरेजमध्ये राहिली, तर चालकाचे चार दिवसांचे उत्पन्न बुडते, दुरुस्तीचे बिल येते आणि ठरल्या तारखेला हप्ता मात्र भरावाच लागतो. त्यातही ती दुरुस्ती मुळात अनावश्यक असेल, तर कष्टाने बसविलेली घराची घडी विनाकारण विस्कटते.

कर्ज घेताना ग्राहक व्याजदरातील पाव टक्क्याच्या फरकासाठी तीन बँकांत चौकशी करतो. तोच ग्राहक गॅरेजमध्ये मात्र ‘गाड़ी छोड़ जाइए, देख लेंगे’ एवढ्या एका वाक्यावर किल्ली देऊन मोकळा होतो. दुरुस्तीच्या व्यवहारातील बहुतेक गैरसमजांचे मूळ येथे आहे.

सल्लागार आणि विक्रेता एकच

जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. मालाची खरी स्थिती विक्रेत्याला ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते, तेव्हा ग्राहक चांगल्या मालालाही पुरेशी किंमत देण्यास कचरतो. परिणामी चांगला माल हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. या विषयावरील कार्याबद्दल २००१ मध्ये त्यांना अन्य दोन अर्थशास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

दुरुस्तीच्या व्यवहारात ही विषमता अधिकच खोल असते. विकत घेतलेली जुनी गाडी चार महिन्यांत आपले गुणदोष दाखविते. परंतु बदललेला भाग खरोखरच निकामी झाला होता की नाही, हे गाडी सुरळीत चालू लागल्यावरही ग्राहकाला कळत नाही. शिवाय दोष शोधणारा, उपाय ठरविणारा आणि त्यासाठी लागणारा माल विकणारा, या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असतात.

जबलपूरकरांकडे या अडचणीवर एके काळी घरगुती तोडगा होता. येथे १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला. पुढे सैन्यासाठी ‘शक्तिमान’ ट्रक येथेच बनू लागले आणि १९६९ मध्ये वाहन निर्माणी स्थापन झाली. सैन्याच्या ‘जोंगा’ या गाडीचे नावही ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून तयार झाले आहे. अशा शहरात शेजारी किंवा नात्यात एखादा जाणकार फिटर सहज सापडे. इंजिनाचा आवाज ऐकून तो दोषाचा अंदाज सांगे. त्याच्या ज्ञानामुळे त्याच्या शब्दाला वजन येई, आणि त्याला काहीही विकायचे नसल्यामुळे ते वजन दुप्पट होई.

आजच्या गाड्यांसमोर केवळ अनुभवी कान पुरेसा पडत नाही. इंधन, हवा आणि ठिणगी यांचे नियंत्रण आता संगणक करतो. दोष आढळताच तो फलकावर दिवा लावतो व स्मरणात एक संकेतांक नोंदवितो. तो वाचण्यासाठी स्कॅनर लागतो. शेजारचा जाणकार मागे पडला, तरी त्याची जागा घेणारा निःपक्षपाती सल्लागार मात्र तयार झाला नाही.

लक्षण आणि रोग

स्कॅनर थेट निकामी भागाचे नाव सांगतो, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. उदाहरणार्थ, ‘पी ०१७१’ हा संकेतांक इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडत असल्याचे सांगतो. त्याचे कारण हवेची फुटलेली नळी, हवा मोजणाऱ्या सेन्सरवरील धूळ किंवा अशक्त झालेला इंधनपंप, यांपैकी काहीही असू शकते. घाईत महागडा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. नळी मात्र फुटलेलीच राहते. संकेतांक हे केवळ लक्षण असते. रोगनिदान त्यापुढे करावयाचे असते.

उन्हाळ्यात जबलपूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा इंजिन तापण्याच्या तक्रारी येतात. अशा वेळी प्रथम शीतक द्रवाची पातळी, नळ्यांतील गळती, रेडिएटरचे झाकण, पंख्याचा फ्यूज व रिले आणि थर्मोस्टॅट हे कमी खर्चाचे भाग तपासावयास हवेत. पाण्याचा पंप आणि हेड गॅस्केट यांचा क्रम त्यानंतरचा. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची काही मिस्त्रींची जुनी सवयही योग्य नव्हे. त्यामुळे इंजिन आवश्यक तापमानाला उशिरा पोहोचते आणि इंधन अधिक जळते. मालकाची जबाबदारीही येथे मोठी आहे. सिवनीच्या पुढे कुरईचा घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला, तर गाडी थांबवून इंजिन बंद करावे व ते थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ या विचाराने किरकोळ गळतीचे रूपांतर इंजिन उघडण्यात होते.

वातानुकूलन यंत्राचा गारवा कमी झाला की ‘गॅस भरून टाका’ असे ग्राहक स्वतःच सांगतो. वस्तुतः ही बंदिस्त व्यवस्था आहे. पेट्रोलप्रमाणे तिच्यातील वायू वापराने संपत नाही. तो लक्षणीय प्रमाणात कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता दर उन्हाळ्यात वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

बॅटरीची कथाही अशीच आहे. सकाळी गाडी सुरू झाली नाही की नवी बॅटरी बसविली जाते आणि महिन्याभरात तीही उतरते. इंजिन बंद असताना चांगल्या, पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असावयास हवा. तो वाढतच नसेल, तर संशय आल्टरनेटरवर, त्याच्या पट्ट्यावर किंवा सैल जोडणीवर घ्यावा. साध्या मीटरने होणारी ही तपासणी पाच मिनिटांचे काम आहे.

गाडीच्या कंपनालाही स्वतःची भाषा असते. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर प्रथम चाकांचे संतुलन तपासावे. केवळ ब्रेक दाबल्यावर थरथर जाणवली, तर ब्रेकच्या डिस्ककडे पाहावे. गाडी एका बाजूस ओढत असेल, तर अलाइनमेंटपूर्वी टायरमधील हवा मोजावी. हवा मोजण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणूनच कदाचित ती सर्वांत शेवटी मोजली जाते.

मात्र प्रत्येक दुरुस्तीकडे संशयाने पाहणेही धोक्याचे आहे. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद केले पाहिजे. ब्रेक पॅड झिजल्याची किरकिर पुढच्या पगारापर्यंत लांबणीवर टाकता येत नाही. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. तोच दिवा लुकलुकत असेल, तर इंजिनात ज्वलन चुकत असल्याची ती सूचना असते आणि गाडी चालवीत राहिल्यास धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा समाविष्ट नसते.

तपासणीचे शुल्क द्यावे

प्रामाणिक सल्ला मिळत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. परंतु त्या सल्ल्याचे मोल देण्याची ग्राहकाची तयारी असते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मिस्त्रीने तासभर खपून दोष शोधला आणि सैल झालेली एक तार घट्ट केली, तर ‘एवढ्याशा कामाचे कसले पैसे?’ असे म्हटले जाते. त्याच मिस्त्रीने तीन हजारांचा भाग बदलला, तर बिल विनातक्रार चुकते होते. ज्या व्यवहारात अचूक निदानाला शून्य रुपये आणि भाग बदलण्याला नफा मिळतो, त्यात भागच बदलले जाणार. प्रामाणिक कारागीर अशा व्यवहारात तोट्यात जातो. ॲकरलॉफ यांनी सांगितलेली चांगल्या मालाची पिछेहाट ती हीच.

बँकव्यवहारात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले गेले आहे. गृहकर्ज देताना मालमत्तेची किंमत विक्रेत्याच्या शब्दावर ठरत नाही. मूल्यमापक स्वतंत्र अहवाल देतो, वकील मालकीहक्काची कागदपत्रे तपासतो, आणि घर घेणे योग्य ठरो अथवा न ठरो, दोघांनाही त्यांचे शुल्क मिळते. सल्ल्याचे शुल्क विक्रीपासून वेगळे केल्यामुळे सल्ला निःपक्षपाती राहण्यास मदत होते. हीच पद्धत गॅरेजमध्येही आणता येईल. ‘तपासणीचे काय ते घ्या, दोष लिहून द्या, दुरुस्तीचे नंतर ठरवू’ असे ग्राहकाने आधीच स्पष्ट सांगावे. मोठ्या खर्चाची दुरुस्ती असल्यास दुसऱ्या गॅरेजमधूनही याच रीतीने तपासणी करून घ्यावी.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, शेजारचे गॅरेज फुकट तपासणी करीत असताना शुल्क कोण देणार? परंतु फुकट तपासणीची किंमत शेवटी भागांच्या बिलातूनच वसूल होते. ती उघडपणे दिल्यास ग्राहकास निवडीचे स्वातंत्र्य मिळते.

ग्राहकाने आणखी काही पथ्ये पाळावीत. गॅरेजमध्ये ‘क्लच बदला’ असे फर्मान न सोडता ‘चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही’ असे लक्षण सांगावे. काम सुरू होण्यापूर्वी भाग व मजुरी यांचे वेगवेगळे लेखी अंदाजपत्रक घ्यावे. अंदाजाबाहेरचे काम विचारल्याशिवाय होणार नाही, हे ठरवून घ्यावे आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. अधिकृत सेवाकेंद्रात सुचविल्या जाणाऱ्या ‘इंजिन फ्लश’सारख्या जादा सेवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्या आहेत काय, हे पाहावे. कर वाचविण्यासाठी बिल नाकारू नये. बिलाशिवाय दाद मागणे कठीण होते.

कायद्याचे पाठबळ

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग आणि दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना सहज मिळू न देणे, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली. तथापि दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या ताब्यात असावे, हा प्रश्न त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावरील संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारक्षेत्राचाही समावेश आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विहित रीतीने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात तक्रार शुल्काविना दाखल करता येते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर दाद मागता येते.

तथापि कायदा हा शेवटचा उपाय होय. टॅक्सीचालकाला निकालापेक्षा उद्या सकाळी रस्त्यावर धावणारी गाडी अधिक हवी असते. त्यासाठी गाडी घेतानाच हप्त्याच्या जोडीला दुरुस्तीकरिता लहानशी आवर्त ठेव सुरू करावी. हाताशी रक्कम असलेला ग्राहक घाबरून निर्णय घेत नाही. तो विचारू शकतो, थांबू शकतो आणि दुसरा सल्ला घेऊ शकतो. ‘काही बदलण्याची गरज नाही, एक तार सैल होती’ असे सांगणारा मिस्त्री भेटला, तर त्याला त्याच्या तासाचे पैसे आनंदाने द्यावेत आणि त्याचे नाव शेजाऱ्यांनाही सांगावे. असे कारागीर बाजारात टिकून राहणे ग्राहकांच्याच हिताचे आहे.