पाण्यापासून हायड्रोजन : शहापूरच्या टँकरचं काय?

ऊन आणि पाणी वापरून इंधन बनवणारे रील तुम्हीही बघितले असतील. शहापूरच्या मित्राने मला विचारलं, "भातसा, तानसा आमच्याकडे, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात आम्हाला टँकर. आता हायड्रोजनलाही पाणी द्यायचं का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशोब मांडून बघितला.

१ किलो हायड्रोजनला किमान ९ लिटर पाणी लागतं. केंद्राच्या २०२३ च्या मिशनचं लक्ष्य आहे २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन, म्हणजे ४,५०० कोटी लिटर. शुद्धीकरण, कूलिंग धरून तिप्पट पकडा. मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर मिळतं. म्हणजे अख्ख्या देशाचं वर्षभराचं हायड्रोजन मुंबईच्या पस्तीसेक दिवसांच्या पाण्यात होतं! मलाही आधी खरं वाटलं नाही.

अडकलंय ते कॅटॅलिस्टपाशी. जपानमध्ये १०० चौरस मीटरच्या पॅनेलने थेट उन्हात हायड्रोजन काढला, त्याचा अहवाल २०२१ मध्ये आला. कार्यक्षमता जेमतेम ०.७६ टक्के. छतावरचं साधं सोलर पॅनेल २० टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणून सध्या भर सोलर वीज आणि इलेक्ट्रोलायझरवरच आहे.

पण मित्राचा प्रश्न देशाचा नव्हताच. उद्या मुरबाडच्या एमआयडीसीत असा प्लँट आला, तर मे महिन्यात त्याचं पाणी कुठल्या धरणातून येणार, हे वरच्या आकड्यांतून कळत नाही.