मिठाची गुळणी आणि चिठ्ठीविना गोळी

घसा खवखवू लागताच पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, हा आजीबाईच्या बटव्यातील उपाय सुशिक्षित घरांतूनच मागे पडत आहे. त्याची जागा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली प्रतिजैविके घेत आहेत. वास्तविक बहुतेक घसादुखी विषाणुजन्य असते आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालतच नाहीत! वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात गंडूषादी विधींना स्वतंत्र अध्याय दिला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत ३८७ निरोगी व्यक्तींचा अभ्यास झाला. नुसत्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांत श्वसनमार्गाचे संसर्ग ३६ टक्क्यांनी कमी आढळले. (आयोडीनयुक्त द्रावणाचा तसा लाभ दिसला नाही, हे विशेष.)

परंतु अभिमानाच्या भरात भलते दावे नकोत. २०२० मध्ये 'मिठाच्या गुळण्यांनी कोरोना मरतो' असे संदेश घरोघरी फिरले. त्यांना आधार नव्हता. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंनी सुजलेल्या घशाकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे संधिवाताचा ताप येऊन मुलांच्या हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. ताप उतरत नसेल, घास गिळवत नसेल, तर पेला बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. आणि त्यांनी प्रतिजैविक दिले, तर ते मध्येच न सोडता पूर्ण घ्यावे.