शॉकअप म्हणजे लिंक रॉड नव्हे



सस्पेन्शनची कामे घरीच उरकण्याचा सल्ला देणारे पत्र वाचले. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी लिंक रॉड खडखडू लागले की माझेही हात शिवशिवतात. सोसायटीच्या आवारात मी ते बदललेही आहेत. चाकामागे दोन नट. (वॉचमनच्या सूचना मोफत.)

शॉकअपचे तसे नाही. तो ज्यात असतो त्या मॅकफर्सन स्ट्रटवरची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता वरचा नट सोडला तर ती उसळून जीव घेऊ शकते. पत्रात याचा उल्लेखच नाही! लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्टही गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर पिळून लवकर फाटते. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नये, स्टँड लावावेत. अलाइनमेंटला मात्र दुकानातच जावे लागते.

— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे